आमदार बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निळा कोट, चष्मा आणि हातातली घटना येते. 14 एप्रिलला जयंती, 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. शाळेतल्या निबंधात त्यांच्या पदव्या पाठ करून लिहिलेल्या असतात. पण बाबासाहेब आपल्या मुंबई प्रांताचे आमदार होते, एक-दोन नाही तर जवळजवळ बारा वर्षं कायदेमंडळात बसत होते, हे हॉस्टेलवर विचारून बघा. दहातल्या दोघांना माहीत असेल. मलाही त्यातलं फार थोडं ठाऊक होतं. म्हणून या अंकासाठी त्यांची आमदारकी आणि त्यांच्या निवडणुका एवढाच विषय घेतला.

आणखी एक कारण आहे. आपल्याकडे कोणतीही निवडणूक झाली, अगदी मेस कमिटीची का असेना, की निकालानंतर एकच सूर असतो: जिंकला तो बरोबर, हरला तो संपला. या मापाने बाबासाहेबांना मोजलं तर काय दिसतं? थेट लोकांच्या मतांवर लढलेल्या त्यांच्या तीन मोठ्या लढती. 1937 साली जिंकले, 1952 साली हरले, 1954 साली पुन्हा हरले. तीनपैकी एक, म्हणजे तेहतीस टक्के. आपल्या युनिव्हर्सिटीत एवढ्यावर केटी लागते! मग चूक बाबासाहेबांत, की मापात?

नेमणुकीचे आमदार

पहिली गंमत म्हणजे बाबासाहेब कायदेमंडळात प्रथम गेले ते निवडून नाही. त्या काळी अस्पृश्य समाजासाठी निवडणुकीने भरायच्या जागा नव्हत्या. मत द्यायचा हक्कच मुळी मालमत्ता आणि कर यांच्यावर ठरायचा. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मत नाही, आणि ज्या समाजाला मत नाही त्याचा आमदार निवडून येणार कुठून? म्हणून गव्हर्नर एक-दोन माणसं नेमायचे. 1926 च्या अखेरीला बाबासाहेबांची आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची अशी नेमणूक झाली. फेब्रुवारी 1927 मध्ये बाबासाहेबांनी शपथ घेतली तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते.

सरकारने नेमलेला माणूस सरकारची री ओढणार, असं कुणालाही वाटेल. पण त्याच महिन्यात त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केलं ते सरकारला सोलून काढणारं. मुद्दा साधा होता. इन्कम टॅक्स ठरावीक उत्पन्नाच्या वर गेल्यावरच लागतो, पण शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही चुकत नाही आणि शंभर एकरवाल्यालाही तोच दर. गरिबाला सूट नाही. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस बोलत होता. सभागृहाला ते कळलंच असणार.

त्याच वर्षी 20 मार्चला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण त्याचं मूळ कायदेमंडळात आहे हे माहीत नसतं. 1923 साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला होता की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेनेही पुढे तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हतं. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यावर दंगल झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि हायकोर्टाचा अखेरचा निकाल लोकांच्या बाजूने लागला तो थेट मार्च 1937 मध्ये. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं.

बाबासाहेबांच्या आमदारकीचं सगळं काम या एका प्रकरणात दिसतं असं मला वाटतं. सभागृहात कायदा करून घ्यायचा, आणि तो खाली पोचत नसेल तर लोकांबरोबर रस्त्यावर उतरायचं. एक पाय आत, एक पाय बाहेर.

1928 साली त्यांनी महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात थोड्याशा जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाने रात्रंदिवस सरकारी राबता करायचा, असा तो प्रकार होता. विधेयक पुढे त्यांना मागे घ्यावं लागलं. त्याच वर्षी गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा देण्याच्या विधेयकाला त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. त्यातून 1929 चा मुंबई प्रांताचा कायदा झाला, भारतातला त्या प्रकारचा पहिला. आणि सायमन कमिशनपुढे त्यांनी मागणी केली की प्रत्येक प्रौढ माणसाला मत हवं, शिक्षण आणि मालमत्ता न बघता. तेव्हा ही मागणी मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही घाईची वाटत होती. ही मागणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाळूंच्या विरुद्ध

1932 च्या पुणे करारानंतर प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी 148 जागा राखीव झाल्या. त्यातल्या 15 मुंबई प्रांतात होत्या. मतदार मात्र संयुक्त, म्हणजे राखीव जागेचा उमेदवारही सगळ्यांनी मिळून निवडायचा. ऑगस्ट 1936 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे. पक्षाने 1937 च्या सुरुवातीला झालेल्या निवडणुकीत 17 उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक सगळे निवडून आले. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर हे सवर्ण कार्यकर्तेही याच पक्षाचे आमदार झाले.

बाबासाहेब स्वतः उभे होते भायखळा-परळमधून, ऐन गिरणगावात. काँग्रेसने त्यांच्यासमोर उमेदवार दिला तो साधासुधा नव्हता. पालवणकर बाळू! क्रिकेटवेड्यांनी हे नाव नीट वाचावं. 1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले होते. चांभार समाजातला हा खेळाडू एके काळी संघाबरोबर मैदानात उतरायचा, पण चहा त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. तरुणपणी बाबासाहेबांनाही बाळूंचं कौतुक होतं. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. आणि आता दोघे समोरासमोर.

निकाल: आंबेडकर 13,245, बाळू 11,225. फरक 2,020 मतांचा. मोठा विजय नव्हे. पण विजय.

आता आपल्या शाखेला आवडेल अशी गोष्ट. त्या निवडणुकीत मुंबई प्रांतात मतदानाची पद्धत वेगळी होती. एका मतदारसंघात एकाहून जास्त जागा असत आणि जितक्या जागा तितकी मतं प्रत्येकाला. ही सगळी मतं एकाच उमेदवाराला द्यायलाही परवानगी होती. याला एकत्रित मतपद्धत म्हणतात. याने काय फरक पडतो? वहीच्या मागच्या पानावर करून बघा. समजा तीन जागा, 3,000 मतदार. त्यातल्या 800 लोकांना एकच माणूस हवाय. त्यांनी आपली तिन्ही मतं त्याला दिली तर त्याची होतात 2,400. उरलेले 2,200 लोक आपल्या तीन उमेदवारांना एकेक मत देतात, तर प्रत्येकाला 2,200. म्हणजे 800 लोकांचा माणूस निवडून येतो. आता नियम बदला आणि म्हणा की एका उमेदवाराला एका मतदाराचं एकच मत. 800 लोकांच्या माणसाला 800, समोरच्याला 2,200. लोक तेच, माणूस तोच, आवड तीच. निकाल मात्र उलटा.

पहिल्या पद्धतीत अल्पसंख्य समाज स्वतःच्या मनातला प्रतिनिधी निवडू शकतो. दुसऱ्या पद्धतीत राखीव जागेवरचा माणूसही बहुसंख्यांच्या पसंतीचा असावा लागतो. बाबासाहेबांचा आयुष्यभराचा झगडा या एका मुद्द्याभोवती होता, आणि त्यांची स्वतःची निवडणूक त्याचंच उदाहरण ठरली.

विरोधी बाकावर

1937 ते 1939 हा त्यांच्या आमदारकीचा सगळ्यात भरलेला काळ. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या मित्रांना घरी आजोबांकडून खोतांच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या असतील. सरकार आणि कुळ यांच्यामध्ये खोत बसलेला, सारा गोळा करणार तो, आणि कुळाने त्याच्या घरी फुकट राबायचं ते वेगळंच. 10 जानेवारी 1938 ला कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. पुन्हा तेच, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. विधेयक त्या वेळी मंजूर झालं नाही. खोती कायद्याने संपली ती 1949 साली.

त्याच वर्षी काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचं विधेयक आणलं. त्यात काही परिस्थितीत संप करणं गुन्हा ठरत होतं. बाबासाहेबांनी सभागृहात मांडणी केली की माणसाला त्याच्या मनाविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी, आणि संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्याच हक्काचं दुसरं नाव आहे. 7 नोव्हेंबर 1938 ला गिरणी कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. त्या दिवशी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, म्हणजे बाबासाहेब आणि कॉम्रेड डांगे, एका बाजूला होते. विधेयक तरीही मंजूर झालं, कारण बहुमत सरकारकडे होतं.

म्हणजे बघा, वतनाचं विधेयक मागे घ्यावं लागलं, खोतीचं अडकलं, संपाच्या वेळी मतदानात हार. आमदार म्हणून मंजूर करून घेतलेल्या विधेयकांची यादी काढली तर ती छोटीच निघेल. पण खोती गेली, वतनंही पुढे गेली आणि बाळंतपणाची रजा देशभर आली. त्यांनी सभागृहात हरलेल्या बऱ्याच गोष्टी दहा-वीस वर्षांनी कायदा होऊन आल्या.

बंगालमार्गे दिल्ली

1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि प्रांतांची विधानसभा थंडावली. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेसारखी पाणी आणि विजेची कामं याच खात्यात आखली गेली. सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी त्यावर स्वतंत्र लेख लिहावा, मी इथे थांबतो.

1946 च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची धूळधाण उडाली. मुंबई प्रांतात एकही जागा नाही. आणि नेमकी तेव्हाच घटना समिती बसणार होती. समितीचे सदस्य प्रांतांचे आमदार निवडणार, आणि मुंबईत त्यांचा एकही आमदार नाही. मग वाट निघाली बंगालमधून. तिथले जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट केली आणि काही आमदारांच्या पहिल्या पसंतीच्या मतांवर बाबासाहेब निवडून आले. तिथली पद्धत होती संक्रमणीय मताची, जिच्यात लहान गटालाही आपला एक माणूस पाठवता येतो. पुन्हा नियमच कामी आला!

पण फाळणी झाली आणि बंगालची ती जागा गेली. तोवर काँग्रेसलाही कळून चुकलं होतं की हा माणूस समितीत हवाच. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै 1947 मध्ये मुंबईतून बाबासाहेबांची निवड झाली. ऑगस्ट 1947 च्या अखेरीला ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या घटनेच्या 326 व्या कलमाने प्रत्येक प्रौढाला मत मिळालं. 1928 साली सायमन कमिशनपुढे मागितलेलं तेच मत.

बावन्न आणि चोपन्न

सप्टेंबर 1951 मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावरून आणि इतर मतभेदांवरून त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडलं. लगेच देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. 17 कोटींहून जास्त मतदार. बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका. पण आता एका उमेदवाराला एकच मत द्यायचं. दोन्ही मतपत्रिका एकाच्याच पेटीत टाकल्या तर त्यातली एक बाद.

राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना 1,38,137 मतं, बाबासाहेबांना 1,23,576. फरक 14,561. आणि बाद झालेली दुबार मतं होती सत्तर हजारांहून जास्त! बाबासाहेब आणि त्यांचे सहउमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणाकडे तक्रार केली. दुसरं मत वाया घालवा असा प्रचार मुद्दाम केला गेला, असा त्यांचा आरोप होता, आणि तो होता डांगे आणि इतरांवर. 1938 च्या संपातले सोबती आता समोरासमोर. तक्रार फेटाळली गेली.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. जुना नियम असता तर बाबासाहेब नक्की जिंकले असते, असं म्हणणं बरोबर नाही. नियम बदलला की सगळेच पक्ष आपला डाव बदलतात. नेहरूंची लाट होती आणि काँग्रेसची यंत्रणा गल्लोगल्ली होती. 1937 मध्येही अंतर दोन हजारांचंच होतं. पण ज्याने प्रत्येकाला मत मिळावं म्हणून पंचवीस वर्षं भांडण केलं, त्याला त्या मताने पहिल्याच वेळी नाकारलं, हे वाचताना मला वाईट वाटलं.

त्यांनी मात्र त्या मताला नावं ठेवली नाहीत. मुंबईच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर पाठवलं. आणि मे 1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली तेव्हा ते पुन्हा लोकांपुढे गेले. तब्येत ढासळली होती, मधुमेह होता, पाय दुखत होते. राज्यसभेची खुर्ची होतीच, उभं राहायची गरज नव्हती. मतदारसंघ परत दोन जागांचा आणि जोडीला पुन्हा अशोक मेहता.

या निवडणुकीची एक हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या लोकांना सांगू या, एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरं कुणालाच देऊ नका, जाळून टाका. हिशोब अगदी बरोबर होता. दुसरं मत वाया घालवलं की प्रतिस्पर्ध्याच्या मतांत भर पडत नाही आणि आपला उमेदवार वर येतो. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने लोकांना मत वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यापेक्षा हरलेलं बरं.

आणि ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत, त्याच मतदारसंघात, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता जिंकले. बाबासाहेबांच्या माणसांनी आपलं दुसरं मत युती पाळून मेहतांना दिलं होतं. उलट दिशेने तेवढी मतं आली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ज्या युक्तीविरुद्ध ते तक्रार घेऊन गेले होते, ती आता त्यांच्या हातात आयती आली होती. वापरली असती तर कायद्याने कुणी अडवलं नसतं. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही जागा सगळ्यात मोठी वाटते, महाडपेक्षा थोडीच लहान.

मग माप कुठलं?

1955 साली त्यांच्याच फेडरेशनने ठराव केला की कायदेमंडळांतल्या राखीव जागा बंद कराव्यात. आरक्षणावरून हॉस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांनी हे जरूर वाचावं. हा ठराव कायदेमंडळातल्या जागांबद्दल होता, शिक्षण आणि नोकऱ्यांबद्दल नव्हता. ज्या राखीव जागेवर बहुसंख्यांच्याच मर्जीचा माणूस निवडून येतो, तिचा उपयोग काय, हा प्रश्न त्यामागे होता. भायखळा, उत्तर मुंबई आणि भंडारा या तीन निकालांवरून तो समजायला सोपा जातो.

6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत. पुढच्याच वर्षी, 1957 च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेत गेले. दोन जागांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्याने बंद झाले, आणि दुसऱ्या मताचा तो घोळही संपला.

तेव्हा तीनपैकी एक हा आकडा खरा आहे, पण तो नुसता वाचू नका. लॅबमध्ये रीडिंग विचित्र आलं तर आपण आधी मीटर कुठल्या रेंजवर आहे ते बघतो ना? तसंच निकाल बघताना नियम कोणता होता ते विचारा. आणि पुढच्या वेळी सीआरच्या किंवा मेस कमिटीच्या निवडणुकीत कुणी चलाख युक्ती घेऊन आला, की नियमात बसतं रे, कोण विचारतंय, तर त्याला भंडाऱ्याची गोष्ट सांगा. त्या माणसाकडे गमवायला आपल्यापेक्षा खूप जास्त होतं.